घोकणे आणि आठवणे : अभ्यासाच्या पद्धतीचा शोध

दरवर्षी महाराष्ट्रात पंधरा-सोळा लाख मुलेमुली दहावीच्या परीक्षेला बसतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधीचे दोन-तीन महिने पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यात, वाक्यांखाली रेघा मारण्यात आणि अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोकण्यात घालवलेले असतात. मुले कष्ट करत नाहीत असे म्हणायला जागा नाही. पण त्या कष्टांच्या मानाने हाती काय लागते, याचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. निकाल लागला की आपण 'हुशार' आणि 'ढ' अशी वाटणी करून मोकळे होतो. ज्याला आठवले तो हुशार, ज्याला आठवले नाही तो ढ. तो कशा रीतीने अभ्यास करत होता, हे विचारायचे राहूनच जाते.

खरे तर अभ्यास कसा करावा, हा प्रश्न मतामतांचा नाही. तो प्रयोगाने सोडवता येतो. कोणत्या रीतीने शिकलेले किती दिवस टिकते हे मोजता येते आणि गेली सुमारे एकशे चाळीस वर्षे ते मोजले जात आहे. या मोजमापांतून निघालेले मुख्य निष्कर्ष दोनच आहेत आणि ते अगदी साधे आहेत. तरीही ते वर्गापर्यंत पोचलेले नाहीत. ते कसे सापडले आणि वाटेत कुठे अडकले, हे या लेखात पाहू.

प्रयोगापूर्वीचे शहाणपण

छापील पुस्तक हाताशी नव्हते तेव्हा आठवण हेच माणसाचे ग्रंथालय होते. त्यामुळे ती टिकवायची कशी याचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. आपल्याकडे वेदपठणाच्या परंपरेने पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीती बसवल्या. क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्याबरोबर, मग दुसरा तिसऱ्याबरोबर, तिसरा चौथ्याबरोबर अशा जोड्या म्हणायच्या. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणायची. यात हेतू असा की एखादा शब्द गळला किंवा बदलला तर तो लगेच लक्षात यावा. आजच्या भाषेत बोलायचे तर ही चुका पकडण्याची यंत्रणा होती.

घराघरात याहून साधी गोष्ट चालत असे, ती म्हणजे परवचा. दिवेलागणीला शुभंकरोती झाले की मुलांनी पाढे म्हणायचे, पावकी-निमकी म्हणायची, तिथी, वार, महिने, नक्षत्रे म्हणायची. यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे परवचा रोज थोडा थोडा असे, एका दिवसात सगळा उरकण्याचा नसे. दुसरी म्हणजे मुले पुस्तकात पाहून पाढे वाचत नसत. ती आठवून म्हणत, आणि अडले की आजी-आजोबा पुढचा शब्द सुचवत. परवच्यात अर्थ समजण्यावर भर नव्हता, हा त्याचा दोष खराच. पण त्याच्या रचनेत हे दोन गुण होते आणि पुढे प्रयोगशाळेत नेमके तेच सिद्ध व्हायचे होते.

युरोपातही हे जाणवलेले होते. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन याने १६२० साली प्रसिद्ध केलेल्या 'नोव्हम ऑर्गॅनम' या ग्रंथात म्हटले आहे की, एखादा मजकूर वीस वेळा नुसता वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचावा आणि मधून मधून न पाहता म्हणून पाहावा, अडेल तिथेच पुस्तक पाहावे. तो अधिक सहज पाठ होतो. निरीक्षण अचूक होते, पण ते निरीक्षणच राहिले. वीसऐवजी दहा का, फायदा किती, तो किती दिवस टिकतो, या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर स्मृती मोजावी लागणार होती, आणि स्मृतीसारखी मनातली गोष्ट मोजता येते असे त्या काळी कुणाला वाटत नव्हते.

स्वतःवरच प्रयोग

हे धाडस हर्मान एबिंगहाउस या जर्मन तरुणाने केले. त्याचा जन्म १८५० सालचा. बॉन विद्यापीठातून १८७३ साली तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावर तो काही वर्षे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये होता. त्या काळात गुस्ताव फेखनर या शास्त्रज्ञाचे, संवेदनांचे मोजमाप कसे करावे हे सांगणारे पुस्तक त्याच्या वाचनात आले. संवेदना मोजता येतात, तर स्मृती का मोजता येऊ नये, असा प्रश्न त्याला पडला.

त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हते. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तोही तोच. पहिली अडचण होती ती पाठ करायच्या मजकुराची. कविता घ्यावी तर एखादी ओळ आधीच ओळखीची असते, एखादी आवडते, एखादी कंटाळवाणी वाटते. मग तुलना कशी करणार? म्हणून त्याने दोन व्यंजने आणि मध्ये एक स्वर अशी सुमारे २३०० अक्षरे तयार केली. आपल्या लिपीत सांगायचे तर 'झोफ', 'बुग', 'टेव' अशासारखी, म्हणजे बहुतांशी काहीच अर्थ नसलेली. त्यांच्या माळा करायच्या, ठरावीक वेगाने, शक्यतो ठरावीक वेळी वाचायच्या आणि न चुकता म्हणता येईपर्यंत वाचत राहायचे, असा त्याचा क्रम होता. १८७९-८० आणि नंतर १८८३-८४ या काळात त्याने हे प्रयोग केले आणि १८८५ साली 'स्मृतीविषयी' अशा अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले.

मोजण्याची त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, एक माळ पहिल्यांदा पाठ करायला १००० सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी ती आठवत नाही, म्हणून पुन्हा पाठ केली आणि या वेळी ६०० सेकंद लागले. म्हणजे ४०० सेकंद वाचले. आपल्याला 'काहीच आठवत नाही' असे वाटत होते तरी मनात काहीतरी शिल्लक होते आणि ते ४० टक्के बचतीच्या रूपाने दिसले. अशा चाचण्या त्याने विस्मरणाच्या प्रयोगासाठी १६३ वेळा केल्या. शिल्लक किती राहिली? सुमारे वीस मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, नऊ तासांनी ३६, एका दिवसाने ३४, दोन दिवसांनी २८, सहा दिवसांनी २५ आणि महिन्याने २१ टक्के. याचा आलेख काढला तर तो आधी कड्यासारखा कोसळतो आणि मग पठारासारखा सपाट होत जातो. विसरण्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच उरकतो, हे त्यावरून कळले.

एका माणसाच्या प्रयोगावर किती विश्वास ठेवावा, अशी शंका कुणालाही येईल. २०१५ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील याप मुरे आणि योएरी ड्रॉस यांनी हा प्रयोग तशाच रीतीने पुन्हा केला. त्यांच्यापैकी एकाने सुमारे सत्तर तास निरर्थक अक्षरे पाठ करण्यात घालवले. आलेख जवळजवळ एबिंगहाउसच्याच आलेखासारखा आला.

एबिंगहाउसच्या पुस्तकातील आणखी दोन निष्कर्ष शिक्षकांच्या दृष्टीने विस्मरणाच्या आलेखाइतकेच महत्त्वाचे आहेत. पहिला अर्थाबद्दलचा. त्याने बायरनच्या 'डॉन वॉन' या काव्यातील कडवी पाठ करून पाहिली. साधारण तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांना जे कष्ट लागले असते त्यांच्या सुमारे एक दशांश कष्टांत कडवे पाठ झाले. अर्थ, यमक आणि भाषा यांच्या आधाराने काम दहापट हलके होते. न समजता घोकणाऱ्या मुलासमोर इतिहासाचा धडा म्हणजे 'झोफ-बुग-टेव'च असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कष्टांची कल्पना येते.

दुसरा निष्कर्ष अंतराबद्दलचा. बारा अक्षरांची माळ एका दिवसात ६८ वेळा वाचली, तेव्हा जो परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ वाचनांनी साधला. कष्ट जवळजवळ निम्मे, फळ तेवढेच. फरक फक्त मध्ये गेलेल्या वेळाचा. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेली मेहनत आणि दोन-तीन आठवड्यांत विभागलेली मेहनत यांच्यातील फरकाचे हे पहिले मोजमाप होय.

मध्ये अंतर ठेवण्याचे महत्त्व ग्योटिंगेन येथील ॲडॉल्फ योस्ट याने १८९७ साली पुढे नेले. त्याने चोवीस वाचने तीन तऱ्हांनी विभागली: रोज आठ अशी तीन दिवस, रोज चार अशी सहा दिवस आणि रोज दोन अशी बारा दिवस. एकूण वाचने सारखीच होती, पण शेवटची तऱ्हा सर्वांत फलदायी ठरली.

एकाच माणसाच्या दोन चाचण्या

इथे या इतिहासाला एक वळण मिळते. एबिंगहाउस १८९४ साली ब्रेस्लाउ या शहरात प्राध्यापक म्हणून गेला. ब्रेस्लाउ म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ. शाळेच्या लांबलचक वेळामुळे मुले मनाने थकतात का, हे तपासण्याचे काम तेथील नगरपालिकेच्या वतीने निघाले. त्यासाठी त्याने एक नवी चाचणी रचली. उताऱ्यातील काही शब्द किंवा अक्षरे गाळायची आणि मुलांनी ती भरायची. आज आपण प्रश्नपत्रिकेत 'गाळलेल्या जागा भरा' म्हणतो, तिची ही एक पूर्वज. ही चाचणी १८९७ साली प्रसिद्ध झाली. थकव्याचा माग तिने नीट लागला नाही, पण वर्गात पुढे असलेल्या आणि मागे असलेल्या मुलांमधला फरक तिने चांगला दाखवला. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, तेव्हा या प्रकारच्या प्रश्नांनाही त्यांनी तीत स्थान दिले.

बुद्धिमापनाची ही कल्पना पुढे वेगाने जगभर पसरली. चाचणी म्हणजे मुलांची क्रमवारी लावण्याचे साधन, हा विचार पक्का झाला. आपल्याकडे तर परीक्षेचे हेच रूप आधीपासून ओळखीचे होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. तेव्हापासून परीक्षा ही दारावरच्या पहारेकऱ्यासारखी. ती आत घेते किंवा बाहेर ठेवते. ती शिकवूही शकते, हे सांगणारे संशोधन त्याच सुमारास सुरू होत होते, पण त्याकडे लक्ष कुणाचे जाणार?

शाळेतले प्रयोग

हे संशोधन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर गेट्स याने १९१७ साली प्रसिद्ध केले. प्रश्न बेकनचाच होता. एकूण वेळ ठरलेला असेल, तर त्यातील किती वेळ वाचण्यात घालवावा आणि किती न पाहता आठवण्यात? गेट्सने शाळेतील मुलांचे गट पाडले. काहींनी सगळा वेळ वाचायचे, काहींनी एक पंचमांश वेळ आठवायचे, काहींनी दोन पंचमांश, असे चार पंचमांशापर्यंत. वरच्या इयत्तेतील मुलांचे आकडे असे आहेत: निरर्थक अक्षरे नुसती वाचणाऱ्यांना लगेच ३५ टक्के आठवली आणि चार तासांनी १५ टक्के. चार पंचमांश वेळ आठवण्यात घालवणाऱ्यांना लगेच ७४ टक्के आणि चार तासांनी ४८ टक्के. छोट्या चरित्रांसारखा अर्थपूर्ण मजकूर घेतला तेव्हा फरक कमी होता, पण होता. चार तासांनंतरचे प्रमाण १६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले.

आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर याने १९३९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून मोठा. ९१ शाळांमधील सहावीच्या ३६०५ मुलांनी त्यात भाग घेतला. मुलांना एक लेख वाचायला दिला आणि पुढच्या ६३ दिवसांत वेगवेगळ्या गटांची वेगवेगळ्या दिवशी चाचणी घेतली. वाचल्यानंतर लगेच किंवा दुसऱ्या दिवशी चाचणी दिलेल्या मुलांना पुढे कित्येक दिवस, चाचणी न दिलेल्या मुलांपेक्षा अधिक आठवत राहिले. गंमत म्हणजे त्यांना बरोबर उत्तरे कोणती, हेही सांगितलेले नव्हते. ज्यांची पहिली चाचणी बऱ्याच उशिरा झाली, म्हणजे बहुतेक मजकूर विसरून झाल्यावर झाली, त्यांना तिचा फारसा उपयोग झाला नाही. स्पिट्झरने निष्कर्ष काढला की चाचणी हे केवळ मोजण्याचे नव्हे, तर शिकण्याचेही साधन आहे.

म्हणजे १९३९ सालापर्यंत दोन गोष्टी पुरेशा स्पष्ट झाल्या होत्या. पहिली, उजळणी अंतराअंतराने करावी. दुसरी, उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे, तर न पाहता आठवणे. सी. ए. मेस या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच अभ्यासाच्या मानसशास्त्रावरील आपल्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी एकत्र करून सुचवले होते की उजळणीचे अंतर एक दिवस, दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस असे वाढवत न्यावे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचा फ्रान्सिस रॉबिन्सन याने १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी पाच पायऱ्यांची पद्धत सांगितली: धडा वरवर चाळणे, त्यावर स्वतः प्रश्न काढणे, उत्तर शोधत वाचणे, पुस्तक मिटून उत्तर सांगणे आणि काही काळाने पुन्हा उजळणी करणे. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली पत्त्यांच्या पेटीची युक्ती लोकांपुढे मांडली. कागदी पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो आणि तो अधिक दिवसांनी पाहायचा. चुकले तर तो पुन्हा पहिल्या कप्प्यात येतो. खर्च म्हणाल तर जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचा.

साधने अशी तयार होती. तरी १९८८ साली फ्रँक डेम्प्स्टर या संशोधकाला, अंतर ठेवून केलेल्या उजळणीवरचे संशोधन शिक्षणात वापरले कसे गेले नाही, याच विषयावर शोधनिबंध लिहावा लागला.

वाटणे आणि असणे

एवढा पुरावा असताना विद्यार्थी जुनीच वाट का धरतात? याचे उत्तर गेल्या काही दशकांतील प्रयोगांनी दिले आहे आणि ते शिक्षकांनी नीट समजून घ्यावे असे आहे.

सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शास्त्रविषयक छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तीन सत्रे वाचला आणि एकदा न पाहता लिहून काढला. तिसऱ्याने एकच सत्र वाचला आणि तीनदा न पाहता लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: अनुक्रमे ८३, ७८ आणि ७१ टक्के. एका आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, दुसऱ्या गटाला ५६ आणि तिसऱ्याला ६१. आणि आपल्याला आठवड्याने सर्वांत जास्त आठवेल असा विश्वास कोणत्या गटाला होता? चार सत्रे वाचणाऱ्या गटाला.

इथे खरी मेख आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, सरसर पुढे जातो आणि मुलाला वाटते, 'मला हे येतेय'. ओळख पटणे आणि स्वतःहून आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात दिसलेला चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसे. उलट आठवून लिहिताना अडखळायला होते, चुका होतात, आणि मुलाला वाटते की आपला अभ्यास नीट होत नाही. म्हणजे ज्या पद्धतीने कमी टिकते तिच्यावर विश्वास बसतो आणि जिच्याने जास्त टिकते ती नकोशी वाटते. कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांची अभ्यासाची रीत विचारली. ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचण्याचे नाव घेतले, आठवून पाहण्याचे केवळ ११ टक्क्यांनी.

गणितातही हाच प्रकार. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे दोन गटांना दिली. एका गटाला एका प्रकारची सगळी, मग दुसऱ्या प्रकारची सगळी, अशी. दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर, दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिल्या गटाची २० टक्के, दुसऱ्याची ६३ टक्के. याचे कारण उघड आहे. उदाहरणसंग्रहातील सगळी गणिते एकाच रीतीची असली की 'रीत कोणती वापरायची' हा प्रश्न मुलाला पडतच नाही. परीक्षेत मात्र तोच प्रश्न आधी पडतो. रोहरर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली फ्लोरिडातील सातवीच्या ५४ वर्गांत हाच प्रयोग केला. महिन्याभरानंतरच्या अनपेक्षित चाचणीत मिसळून सराव केलेल्या मुलांना सरासरी ६१ टक्के आणि इतरांना ३८ टक्के गुण मिळाले.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींचा पुरावा एकत्र तपासला. त्यांत सर्वांत उपयुक्त ठरल्या त्या दोनच: स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून सराव करणे. रेघा मारणे आणि पुन्हा वाचणे या सर्वांत लोकप्रिय रीती खालच्या पायरीवर राहिल्या.

आपल्या वर्गात

घोकंपट्टीवर आपल्याकडे बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण या टीकेच्या भरात एक चूक होते. 'समजून शिकणे' आणि 'आठवणे' हे एकमेकांच्या विरोधात आहेत असे आपण धरून चालतो. एबिंगहाउसच्या कडव्यांनी दाखवले की अर्थ समजला तर पाठ करणे हलके होते. पुढच्या प्रयोगांनी दाखवले की समजलेलेसुद्धा आठवून पाहिले नाही तर टिकत नाही. घोकंपट्टीचा दोष ती आठवायला लावते हा नाही. ती अर्थाशिवाय, एकाच बैठकीत आणि एकाच शब्दांत म्हणायला लावते, हा तिचा दोष आहे.

अंतर किती ठेवावे, याचेही मोजमाप झाले आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की चाचणी आठवड्याने असेल तर दोन अभ्यासांमध्ये दीड ते तीन दिवसांचे अंतर सर्वांत फायद्याचे, आणि चाचणी वर्षाने असेल तर साधारण तीन ते पाच आठवड्यांचे. जूनमध्ये शिकवलेला धडा थेट फेब्रुवारीत उघडायचा, हे यात कुठेच बसत नाही. मधल्या काळात तीन-चार वेळा त्याची आठवण काढायला हवी.

यासाठी वेगळा तास लागत नाही. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे पुरतात. फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: एक कालच्या धड्यावरचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. मुलांनी वही-पुस्तक मिटून उत्तरे लिहावीत आणि मग पुस्तक उघडून आपली आपण तपासावीत. गुण देऊ नयेत, नोंदवहीत मांडू नयेत. गुण आले की चाचणी पुन्हा पहारेकरी होते आणि मुले आठवण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. उत्तर मात्र लगेच तपासले गेले पाहिजे, नाहीतर चुकीचेच पक्के होण्याचा धोका असतो. गणिताचा गृहपाठ देताना आजच्या रीतीची चार उदाहरणे आणि मागच्या प्रकरणांतील चार मिसळून द्यावीत. धडा शिकवून झाला की 'पुन्हा वाचून या' असे सांगण्याऐवजी 'पुस्तक मिटून आठवेल तेवढे एका पानावर लिहा आणि मग काय राहिले ते पाहा' असे सांगावे.

सुरुवातीला मुले कुरकुरतील. आपल्याला काहीच येत नाही असे त्यांना वाटेल. तेव्हा त्यांना वर दिलेले ८३ आणि ४० हे आकडे दाखवावेत, किंवा त्याहून चांगले, हा प्रयोग वर्गातच करून पाहावा. एक उतारा निम्म्या वर्गाने दोनदा वाचावा, निम्म्याने एकदा वाचून एकदा आठवून लिहावा, आणि आठवड्याने सर्वांची चाचणी घ्यावी. आकडे मुलांनीच मोजावेत, आलेख त्यांनीच काढावा. आपल्याच वर्गातले आकडे नेमके असेच येतील असे नाही. न आल्यास का आले नाहीत याची चर्चा करता येईल, आणि तेही विज्ञानच आहे.

झोपेबद्दल एक शब्द. कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स आणि कार्ल डालेनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली. आठ तास जागे राहिल्यावर त्यांना जेमतेम एक अक्षर आठवे, आठ तास झोपल्यावर निम्म्याच्या आसपास. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हे सांगायला हवे.

या सगळ्याने प्रत्येक मूल पहिले येईल, असे कुणी म्हणणार नाही. घरी अभ्यासाला जागा नसणे, कामावर जावे लागणे, धडा मुळातच न समजणे, या अडचणी उजळणीच्या पद्धतीने सुटत नाहीत. पण ज्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, अभ्यास कसा करावा हे सांगणारे कुणी नाही, त्या घरातील मुलाला ही माहिती शाळेतूनच मिळू शकते. चार-चारदा वाचूनही 'माझ्या डोक्यात राहतच नाही' म्हणणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याच्या डोक्याबद्दल मत बनवण्याआधी त्याला एवढेच विचारावे: वाचून झाल्यावर पुस्तक मिटून किती वेळा आठवून पाहिलेस, आणि मध्ये किती दिवस गेले होते?